परक्या घरचा कारभार

स्मरणिकेसाठी या वर्षी काहीतरी लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे मधुमेह किंवा रक्तदाब यांपैकी एखादा विषय मनाशी धरून बसलो होतो. चाळीस वर्षे वैद्यकीय व्यवसायात घालविलेल्या माणसाकडून वाचकांची याहून वेगळी अपेक्षा नसते. परंतु त्याच आठवड्यात माझ्या भाचीचा दूरध्वनी आला आणि लेखाचा विषय बदलला.

माझी भाची बालरोगतज्ज्ञ आहे. एका धर्मादाय रुग्णालयाने तिला नवजात शिशू विभागाचे प्रमुखपद देऊ केले होते. वेतन बरे होते, यंत्रसामग्री नवी होती. अडचण एवढीच होती, की मागच्या दोन वर्षांत तीन प्रमुख ते पद सोडून निघून गेले होते. विभागातील जुन्या मंडळींना बाहेरून आलेला माणूस खपत नाही, अशी त्या रुग्णालयाची ख्याती तिच्याही कानावर गेली होती. "मामा, जाऊ की नको?" असा तिचा सरळ प्रश्न होता.

मला तिला लगेच उत्तर देता आले नाही. तीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला होता. मी होकार देऊन गेलो आणि अकरा आठवड्यांत परत आलो. ही हकिकत आपल्या गावात फारच थोड्यांना ठाऊक आहे. पांढुर्णा आणि सौंसर येथील बहुतेक वैद्यकीय मित्र असे समजत आले, की मी काही महिने उच्च प्रशिक्षणासाठी बाहेर गेलो होतो. तो गैरसमज मीही कधी दूर केला नाही. आता या वयात तो दूर करावयास हरकत नाही. मात्र त्याआधी दोन क्रीडा प्रशिक्षकांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण माझे कोठे चुकले हे मला त्या दोघांच्या हकिकती ताडून पाहताना अधिक स्पष्ट झाले.

लीड्समधील चव्वेचाळीस दिवस

पहिली हकिकत इंग्लंडमधील फुटबॉलची आहे. ब्रायन क्लफ यांच्यावर २००९ साली निघालेला एक चित्रपट माझ्या मुलाने मला दाखविला. त्यात सत्य किती आणि कल्पना किती, यावर तिकडे बराच वाद झाला. म्हणून चित्रपट बाजूला ठेवून नोंदलेल्या घटनाच येथे सांगतो.

क्लफ यांचा जन्म १९३५ साली मिडल्सब्रो येथे झाला. खेळाडू म्हणून त्यांनी लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल केले. २६ डिसेंबर १९६२ रोजी संडरलंडकडून खेळताना प्रतिस्पर्धी गोलरक्षकावर आदळून त्यांच्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. आज आपल्याकडे नागपुरात दुर्बिणीद्वारे होणारी अस्थिबंधाची पुनर्रचना त्या काळी उपलब्ध नव्हती. एकोणतिसाव्या वर्षी त्यांचा खेळ संपला आणि तिसाव्या वर्षी, १९६५ साली, ते हार्टलपूल या तळाच्या क्लबचे मॅनेजर झाले. तिकडे मॅनेजर म्हणजे केवळ शिकविणारा नव्हे. खेळाडूंची निवड, खरेदी-विक्री आणि संघाची सारी जबाबदारी त्याच्यावर असते.

या कामात पीटर टेलर हे त्यांचे जोडीदार होते. खेळाडू हेरण्याची नजर टेलर यांची आणि त्यांच्याकडून खेळ करवून घेण्याचे सामर्थ्य क्लफ यांचे, अशी ती विभागणी होती. या जोडीने १९६७ मध्ये दुसऱ्या श्रेणीतील डार्बी काउंटीचा ताबा घेतला आणि १९७२ मध्ये त्या संघाला इंग्लंडचे विजेतेपद मिळवून दिले. पुढच्याच वर्षी क्लबच्या संचालकांशी बेबनाव होऊन दोघे बाहेर पडले आणि ब्रायटन या तिसऱ्या श्रेणीतील क्लबात गेले.

जुलै १९७४ मध्ये क्लफ यांना लीड्स युनायटेडचे बोलावणे आले. लीड्स हा त्या वर्षीचा विजेता संघ होता. डॉन रेव्ही यांनी तेरा वर्षे खपून तो घडविला होता आणि ते आता इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी घेण्यासाठी निघाले होते. याच लीड्सवर क्लफ यांनी वर्षानुवर्षे वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून टीका केली होती. हा संघ रांगडा खेळतो, पंचांवर दडपण आणतो, असे त्यांचे म्हणणे होते. अशा घराचा कारभार हाती घ्यायला ते निघाले आणि तेही एकटे. कारण टेलर यांनी ब्रायटनमध्येच राहणे पसंत केले.

पहिल्याच बैठकीत क्लफ यांनी खेळाडूंना सांगितले, की तुमची सारी पदके केरात टाका, कारण ती तुम्ही सरळ मार्गाने मिळविलेली नाहीत. ही गोष्ट त्या खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितली आहे. समोर बिली ब्रेम्नर आणि जॉनी जाइल्स यांच्यासारखे मुरलेले खेळाडू बसले होते. रेव्ही यांनी तर आपल्या जागी जाइल्स यांचेच नाव सुचविले होते. १० ऑगस्टला वेंब्लीवर लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्यात ब्रेम्नर आणि केव्हिन कीगन यांना मैदानाबाहेर काढण्यात आले आणि कर्णधार ब्रेम्नर दीर्घ काळ खेळू शकला नाही. लीगच्या पहिल्या सहा सामन्यांत लीड्सला एकच विजय मिळाला. १२ सप्टेंबर १९७४ रोजी क्लफ यांना निरोप देण्यात आला. त्यांचा कारभार चव्वेचाळीस दिवसांचा ठरला.

यापुढचा भाग वैद्यकीय मित्रांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. क्लफ यांच्या जागी जिमी आर्मफील्ड हे शांत स्वभावाचे गृहस्थ आले आणि जवळजवळ त्याच खेळाडूंना घेऊन ते मे १९७५ मध्ये युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. पॅरिसमध्ये बायर्न म्युनिककडून ते हरले, ही गोष्ट वेगळी. इकडे क्लफ जानेवारी १९७५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट या दुसऱ्या श्रेणीतील संघाकडे गेले. १९७६ मध्ये टेलर त्यांना येऊन मिळाले. १९७८ मध्ये हा संघ इंग्लंडचा विजेता झाला आणि १९७९ व १९८० अशी सलग दोन वर्षे युरोपचा. संघ बिघडलेला नव्हता आणि मॅनेजरही नालायक नव्हता. दोन्ही औषधे गुणकारी असावीत आणि एकत्र देताच रुग्णाला अपाय व्हावा, असा हा प्रकार होता.

आपल्या शेजारची गोष्ट

दुसरी हकिकत आपल्या अंगणातील आहे आणि ती क्रिकेटची आहे. आपला मुलूख मोठा विचित्र. १९५६ पूर्वी आपण आणि नागपूर एकाच प्रांतात होतो. पुढे विदर्भ तिकडे गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. आपली संत्री नागपूरच्या बाजारात जातात, मराठी वर्तमानपत्र तिकडून येते, सोयरिकी तिकडे जुळतात आणि सरकारी कागद मात्र भोपाळहून येतो. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी हे दुपेडी आयुष्य तसेच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून गोटमार होते, तेव्हा आपण डॉक्टर मंडळी पांढुर्ण्याचे डोके आणि सावरगावचे डोके एकाच सुईदोऱ्याने शिवतो. क्रिकेटमध्येही आपली स्थिती तशीच आहे. रणजी करंडकात विदर्भ आणि मध्य प्रदेश समोरासमोर आले, की एकाच घरात दोन तट पडतात.

या दोन्ही संघांना ज्यांनी पहिले विजेतेपद मिळवून दिले, ते प्रशिक्षक एकच: चंद्रकांत पंडित.

पंडित मूळचे मुंबईचे, रमाकांत आचरेकर यांच्या तालमीतील यष्टिरक्षक-फलंदाज. भारताकडून ते ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. कारकिर्दीच्या उत्तरार्धात ते मध्य प्रदेशकडून खेळू लागले व संघाचे कर्णधार झाले. एप्रिल १९९९ मध्ये बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर त्यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेश रणजीच्या अंतिम सामन्यात उतरला. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळाली होती. शेवटच्या डावात २४७ धावा हव्या होत्या आणि संघ १५० धावांत बाद झाला. कर्नाटक ९६ धावांनी जिंकला. हाता-तोंडाशी आलेला करंडक गेला.

प्रशिक्षक झाल्यावर पंडित यांनी मुंबईला २००३, २००४ आणि २०१६ साली रणजी करंडक जिंकून दिला. जानेवारी २०१७ मध्ये मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि पुढच्या हंगामासाठी मुंबईने दुसरा प्रशिक्षक नेमला. तेव्हा पंडित नागपूरला आले. विदर्भ १९५७ पासून रणजी खेळत होता, परंतु अंतिम सामना त्याने कधी पाहिला नव्हता. मुंबईकराला विदर्भात कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. शिवाय पंडित यांच्या कडक शिस्तीची कीर्ती त्यांच्या आधीच गावोगावी पोहोचलेली होती. अशा ठिकाणी अपयश आले असते, तर 'मुंबईने टाकलेला माणूस आपल्याकडे आणला' असे म्हणायला लोक मोकळे होते.

झाले वेगळेच. उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या पाच धावांनी विजय मिळाला आणि १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीला नऊ गडी राखून हरवून फैज फझल यांच्या संघाने रणजी करंडक उचलला. रजनीश गुरबाणी यांची हॅट्‌ट्रिक आणि अक्षय वाडकर यांचे शतक त्या सामन्यातलेच. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून विदर्भाने करंडक राखला. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. विदर्भ क्रिकेट संघटनेने त्याआधीच अकादमी उभारून मुले घडविली होती, आणि संघात वसीम जाफर यांच्यासारखा, मुंबईत पंडित यांना जवळून ओळखणारा, अनुभवी खेळाडू होता. क्लफ यांना लीड्समध्ये जे मिळाले नाही, ते पंडित यांना नागपुरात मिळाले. नव्या माणसाची भाषा जुन्या माणसांना समजावून सांगणारे कोणीतरी घरात होते.

२०२० मध्ये पंडित यांनी मध्य प्रदेशची जबाबदारी स्वीकारली. होळकर संघाने कर्नल सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्या काळात चार वेळा रणजी जिंकली होती. परंतु मध्य प्रदेश या नावाने खेळणाऱ्या संघाच्या वाट्याला एकही विजेतेपद आले नव्हते. त्यातच महामारी आली आणि १९३४ साली सुरू झालेली ही स्पर्धा २०२०-२१ मध्ये प्रथमच भरली नाही. शिस्त लावणाऱ्या माणसाला निकाल लवकर दाखवावा लागतो, नाहीतर शिस्तीचा नुसता काच उरतो. पंडित यांना निकाल दाखवायला मैदानच उपलब्ध नव्हते. तरी ते टिकले, आणि संघही त्यांच्याबरोबर राहिला.

२२ जून २०२२ रोजी, त्याच चिन्नास्वामी मैदानावर, मध्य प्रदेशचा अंतिम सामना सुरू झाला आणि समोर मुंबई होती. मुंबईच्या ३७४ धावांना उत्तर देताना यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतके काढली आणि धावसंख्या ५३६ वर नेली. पाचव्या दिवशी सहा गडी राखून सामना जिंकला. कर्णधार आदित्य श्रीवास्तव यांच्या सहकाऱ्यांनी पंडित यांना खांद्यावर घेतले, आणि साठी ओलांडलेला तो कडक माणूस सर्वांदेखत रडला. तेवीस वर्षांपूर्वी हरलेला कर्णधार मी त्या दिवशी दूरचित्रवाणीवर पाहिला.

मला त्या अश्रूंमध्ये या दोन हकिकतींतील फरक दिसला. क्लफ जेथे गेले, त्या घराच्या विजयांना त्यांनी खोटे ठरविले. पंडित जेथे आले, त्या घराच्या पराभवात त्यांचा स्वतःचा वाटा होता. दोघेही कडक, दोघेही आपल्या मताचे पक्के. परंतु शिस्त लावणारा माणूस आपल्या दुःखाचा भागीदार आहे, हे एकदा कळले, की त्याचे कठोर बोलणे माणसे वेगळ्या कानांनी ऐकतात.

अर्थात हा काही रामबाण उपाय नव्हे. हेच पंडित २०२२ मध्ये आयपीएलच्या कोलकाता संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्या हंगामात संघ सातवा आला. त्यांची लष्करी थाटाची शिस्त परदेशी खेळाडूंना रुचली नाही, असे त्या संघातील डेव्हिड वीसे यांनी पुढे उघडपणे सांगितले. २०२४ मध्ये गौतम गंभीर मार्गदर्शक म्हणून आले आणि संघ विजेता ठरला. २०२५ मध्ये पुन्हा आठवा क्रमांक आला आणि जुलैमध्ये पंडित तेथून बाहेर पडले. जो हात रणजीच्या मुलांना वडिलांचा वाटला, तोच जगभर फिरणाऱ्या व्यावसायिकांना जाचक वाटला असावा.

आणखी एक नोंद. मार्च २०२४ मध्ये नागपुरात विदर्भ आणि मध्य प्रदेश यांचा उपांत्य सामना झाला. विदर्भ ६२ धावांनी जिंकला. माझ्या दवाखान्यातील कंपाउंडर विदर्भाच्या बाजूचा आणि मी मध्य प्रदेशच्या. त्या संध्याकाळी त्याने मला मुद्दाम पेढा आणून दिला. पुढच्या वर्षी, मार्च २०२५ मध्ये, उस्मान गनी यांच्या मार्गदर्शनाखाली आणि त्याच अक्षय वाडकर यांच्या नेतृत्वाखाली विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. पंडित तेथून जाऊन बराच काळ लोटला होता, आणि घर उभे होते.

माझे अकरा आठवडे

आता माझी हकिकत. १९९४ साली विदर्भातील एका तालुक्याच्या गावी साठ खाटांच्या विश्वस्त रुग्णालयाने मला वैद्यकीय अधीक्षक म्हणून बोलाविले. गावाचे आणि संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. माझ्या आधीच्या डॉक्टरांनी तेथे बावीस वर्षे काढली होती. गावातील अर्ध्या मुलांचा जन्म त्यांच्या हातून झाला होता. ते निवृत्त झाले तेव्हा विश्वस्तांना 'नव्या पद्धतीचा' माणूस हवा होता. मी तरुण होतो, वाचलेले ताजे होते आणि स्वतःविषयीचे मत उत्तम होते.

पहिले दोन दिवस मी वहीत त्रुटी लिहीत फिरलो. चौदा निघाल्या. त्यांतील सर्वांत गंभीर अशी, की शस्त्रक्रियेची उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये न घालता पाण्यात उकळली जात होती. उकळत्या पाण्याने बहुतेक जंतू मरतात, पण बीजाणू टिकून राहतात. त्यासाठी दाबाखालील १२१ अंशांची वाफ लागते, हे आपल्यापैकी प्रत्येक जण दुसऱ्या वर्षाला शिकतो. तिसऱ्या दिवशी मी सर्वांना एकत्र बसविले आणि चौदा त्रुटी मोठ्याने वाचून दाखविल्या. शेवटी म्हणालो, की बावीस वर्षे येथे जे चालले ते केवळ देवाच्या कृपेने निभावले. कोणी काही बोलले नाही. मेट्रनबाई खाली पाहत होत्या. त्या शांततेला मी संमती समजलो.

दुसऱ्या दिवसापासून निर्जंतुकीकरणाची नोंदवही सुवाच्य अक्षरात भरली जाऊ लागली. वेळ, दाब, तापमान, सही, सारे बिनचूक. मी विश्वस्तांना ती वही अभिमानाने दाखविली. नवव्या आठवड्यात सिझेरियन झालेल्या एका शेतमजूर बाईच्या जखमेत पू झाला. मी चौकशी केली, तेव्हा रात्रपाळीच्या वॉर्डबॉयने खाली मान घालून सांगितले, की साहेब, मशीन लावतच नाही, आजही उकळतोच. मी मेट्रनबाईंना भर वॉर्डात, रुग्णांसमोर, बोलू नये ते बोललो. दुसऱ्या दिवशी निम्मे कर्मचारी रजेवर गेले. अकराव्या आठवड्यात मी राजीनामा दिला, आणि विश्वस्तांनी तो मुकाट्याने स्वीकारला.

ती बाई बरी झाली. परंतु तिला एकवीस दिवस खाटेवर काढावे लागले. तिचे तान्हे बाळ तिची आई दिवसातून अनेकदा आणून तिच्या कुशीत ठेवी आणि टाक्यांना धक्का लागू नये म्हणून स्वतः वाकून धरून राही. आम्हा मोठ्या माणसांच्या भांडणाची किंमत त्या बाईने मोजली. लीड्समध्ये फार तर सामने हरले. आपल्या व्यवसायात हरणारा तिसराच कोणी असतो. ही गोष्ट मी इतकी वर्षे बोललो नाही, ती याच कारणाने.

बारा-तेरा वर्षांनी सौंसरला एका लग्नात त्या मेट्रनबाई भेटल्या. मीच पुढे होऊन नमस्कार केला. जेवणाच्या पंगतीनंतर त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमचं म्हणणं खरंच होतं जी. पण त्या मशीनले आम्ही काहून भेत होतो, हे एकदा तरी विचाराचं होतं."

मग त्यांनी सांगितले. मी येण्यापूर्वी चार वर्षे त्या ऑटोक्लेव्हचे झाकण वाफेच्या दाबाने उडाले होते आणि एका आयाचा हात व चेहरा भाजला होता. ती बाई पुन्हा कामावर आली नाही. जुन्या डॉक्टरांनी विश्वस्तांकडे नव्या यंत्राची मागणी केली. ते मिळाले नाही, तेव्हा त्यांनी नाइलाजाने उकळण्याची परवानगी दिली. वहीतील माझ्या चौदा त्रुटींत यांतील एक अक्षरही नव्हते. माझ्यानंतर आलेल्या डॉक्टरांनी आठ दिवस कोणालाच काही सांगितले नाही, फक्त विचारले. मग त्यांनी यंत्राची झडप व झाकण नवे बसवून घेतले आणि पहिला आठवडाभर यंत्र चालू असताना स्वतः त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसले. पंधरा दिवसांत उकळण्याचे भांडे माळ्यावर गेले.

रुग्ण समोर आला, की आधी त्याची हकिकत विचारावी, मग तपासावे आणि नंतर औषध लिहावे, हा क्रम मी शेकडो विद्यार्थ्यांना आणि परिचारिकांना शिकविला आहे. त्या रुग्णालयात मी हकिकत न विचारताच औषध लिहून दिले होते. औषध बरोबर होते, आणि म्हणूनच माझी चूक मला इतकी वर्षे कळली नाही.

भाचीला दिलेले उत्तर

हे सारे मी भाचीला घरी बोलावून सांगितले. तिने मध्ये एकही शब्द काढला नाही. मग विचारले, "म्हणजे सगळ्यांच्या कलानं घ्यायचं का, मामा?"

मी म्हणालो, मुळीच नाही. पंडित यांनी कोणाच्या कलाने घेतल्याचे ऐकिवात नाही. बाळाला हात लावण्यापूर्वी हात धुणे ही गोष्ट पहिल्या तासापासून ठाम असली पाहिजे. तेथे तडजोड झाली तर बाळ दगावते. परंतु हात का धुतले जात नाहीत, हे त्याच तासाला विचारले पाहिजे. रुजू झाल्यावर पहिले काही दिवस रात्रपाळीत बस. तुझ्याआधीच्या माणसांविषयी वाईट बोलू नकोस, ते खरे असले तरी. आणि तुला ओळखणारा, तुझी भाषा जाणणारा एक तरी माणूस तेथे शोध. टेलर सोबत नसताना क्लफ यांचे काय झाले ते आठव.

"आणि तरी नाही जमलं तर?"

"तर परत ये. मीही आलो होतो. मात्र माझ्यासारखी दडवून ठेवू नकोस."

ती रुजू झाली, त्याला आता चार महिने झाले आहेत. पहिल्या आठवड्यातील रात्रपाळीत तिला दिसले, की अठरा बाळांमागे दोनच परिचारिका आहेत आणि हात धुण्याचे बेसिन दालनाच्या दुसऱ्या टोकाला आहे. आधीच्या तिन्ही प्रमुखांनी हात न धुण्याबद्दल त्या परिचारिकांना लेखी ताकीद दिली होती. हिने प्रत्येक पाळण्याशी जंतुनाशकाची बाटली टांगून घेतली आणि तिसऱ्या परिचारिकेसाठी व्यवस्थापनाकडे अर्ज केला. त्यांतील एक वयस्क परिचारिका आता तिला चहाला बोलावते. दुसऱ्या दोघी अजून कामापुरतेच बोलतात. तिचा निकाल लागायचा आहे, आणि तो चांगलाच लागेल असे मी येथे लिहिणार नाही.

आपल्या संस्थेतील तरुण सभासदांपैकी अनेकांना आज ना उद्या असे बोलावणे येईल. जिल्हा नवा आहे, रुग्णालये वाढतील, जुन्या घरांना नवे कारभारी लागतील. अशा वेळी माझे अकरा आठवडे कोणाच्या उपयोगी पडले, तर ते वाया गेले नाहीत असे मी समजेन.

हा लेख पूर्ण करीत असतानाच भाचीचा दूरध्वनी आला. तिसरी परिचारिका अद्याप मिळालेली नाही. व्यवस्थापन अर्जावर बसून आहे.

"मामा, आता भांडू का?"

कोणासाठी भांडणार, असे मी विचारले. "माझ्या सिस्टर्ससाठी," ती म्हणाली.

मी म्हटले, आता खुशाल भांड.